सोबत चालावं, की आपापलं?

चांदूर बाजारात आता पायी चालणारी माणसं दोनच प्रकारची उरली आहेत: ज्यांच्याकडे गाडी नाही ती, आणि ज्यांना डॉक्टरांनी सांगितलं आहे ती. मधले सगळे गाडीवर. गाव एवढंसं, एका टोकाच्या घरून दुसऱ्या टोकाच्या दुकानात जायला पाय पुरतात. पण खर्रा आणायचा तरी गाडी, दळण टाकायचं तरी गाडी, लेकराला चौकापलीकडच्या ट्यूशनला सोडायचं तरी गाडी. 2023 साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मोठ्या पाहणीचे आकडे आले. देशात 10 कोटींवर लोकांना मधुमेह, आणि त्याच्या उंबरठ्यावर आणखी 13 कोटींवर. आमच्याकडे कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. नात्यातल्या कोणत्याही घरी चहाला बसा, ‘माझ्यात साखर नको’ म्हणणारं एक तरी माणूस निघतंच.

माझं म्हणणं असं, की घरानं मिळून चालायला लागावं. रोज, संध्याकाळी, लहानमोठ्या सगळ्यांनी. माझ्या मामांचं म्हणणं याच्या उलट. ते एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावरही पहाटेची सवय सुटली नाही. अंधार असतानाच ते अमरावती रोडनं एकटे निघतात. न चालणाऱ्या माणसानं मला नकार दिला असता तर मी तो कानाआड केला असता. पण मामा स्वतः चालतात आणि तरीही मिळून चालू नका म्हणतात, म्हणून त्यांच्याशी बोलणं मला जरुरीचं वाटलं. हा वाद त्यांच्या अंगणात बरेच दिवस चालला. मामींचं आतबाहेर सुरू असायचं. शेवटी त्याही बाजेवर येऊन बसल्या आणि वादाचा रोखच बदलला. जे बोललो ते सलग मांडते.

मामा: सोबत चालनं म्हंजे चालनं नाई बाई, वरात हाय ते. कोनी पुढं, कोनी मांगं, एक जन फोनवर, एकाची चप्पल तुटली. अर्धा घंटा गेला अन् घामाचा थेंब नाई.

मी: घाम आलाच पाहिजे का?

मामा: नाई त काय! मी चालतो तवा मले बोलता येते, पन गानं म्हनता येत नाई. डॉक्टरनं हेच माप सांगतलं मले. तू पाच जन घेऊन निघशीन, त सर्वात हळू कोन चालते, त्याच्या चालीनं साऱ्याईले चालावं लागते. तुयी पोरगी आठवीत, तिले काय होते त्या चालीनं? जवायाले काय होते?

मामांचं माप अगदी बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये जे नियम सांगितले, त्यांत मोठ्या माणसांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम जोराची हालचाल करावी असं म्हटलं आहे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी 60 मिनिटं. मध्यम जोर ओळखायची खूण हीच: बोलता यावं, गाता येऊ नये. तेव्हा मामांचा आक्षेप पोकळ नव्हता. माझा मुलगा चौथीत आहे, त्याला चालणं म्हणजे पळणंच माहीत. मामींचा उजवा गुडघा जिना चढताना दुखतो. या दोघांना एका चालीत बांधलं तर एकाचा व्यायाम होत नाही, किंवा दुसरीचा गुडघा सुजतो.

मी: पण मामा, तुम्ही गुरुदेव सेवा मंडळाचे. रामधून निघते तेव्हा तुम्ही एकटे चालता का?

या मंडळाचे तुकडोजी महाराज यावलीचे, 1909 चा जन्म. मोझरीच्या गुरुकुंजातून त्यांनी गावोगाव जी रीत रुजवली तिच्यात पहाटेचं सामुदायिक ध्यान, मग रामधून आणि संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना आहे. रामधून म्हणजे भजन म्हणत, रांगेनं, गल्लीगल्लीतून चालणं. म्हातारे, पोरं, बाया, सगळ्यांची एक रांग. मला वाटलं होतं मामा इथं गप्प होतील.

मामा: रामधुनीत भजन म्हनतो का नाई आपन? गाता येते म्हंजे तो जोर नाई. देवाचं नाव घ्याले चालतो तिथं, शुगर कमी कराले नाई. दोन्ही एकात गुंडाळू नको.

मी: बरं, तेवढ्या चालीनं कमी होतं असं म्हणा. काहीच होत नाही असं म्हणू नका. 2019 मध्ये अमेरिकेत आय-मिन ली या संशोधक बाईंनी एक अभ्यास छापला. जवळजवळ 17 हजार बायका, सरासरी वय 72. दिवसाला 2,700 च्या आसपास पावलं टाकणाऱ्यांपेक्षा 4,400 पावलं टाकणाऱ्यांत पुढच्या चारपाच वर्षांतले मृत्यू बरेच कमी होते. साडेसात हजारांच्या पुढं पावलं वाढली तरी फायदा फारसा वाढला नाही.

मामा: जवाई त दहा हजार म्हन्तात. रातच्याले हातातली घडी पाहू पाहू अंगनातच येरझारा मारतात.

मी: तो आकडा एका जपानी कंपनीनं 1965 च्या सुमारास पावलं मोजायचं यंत्र विकायला काढला तेव्हाचा. गोल होता, लक्षात राहणारा होता, म्हणून जगभर गेला. मामींना त्याची भीती घालायचं कारण नाही.

मामा: म्हंजे मामीनं हळू चालावं, मी जोरात चालावं. मंग सोबत कुठं राहिलं?

या प्रश्नाला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. ते नंतर सापडलं, त्याबद्दल पुढं सांगते. त्या दिवशी मी विषय एसटीकडे वळवला, कारण मामांना सांगायची एक गोष्ट बरेच दिवस माझ्याजवळ होती.

लंडनच्या बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या वाहतूक खात्यातल्या सुमारे 31 हजार माणसांच्या नोंदी तपासल्या आणि 1953 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापला. पगार जवळपास सारखा, राहणीही सारखी, गाडी तर एकच. पण ड्रायव्हरला दिवसभर बसणं आणि कंडक्टरला दोन मजली बसच्या पायऱ्यांवर दिवसभर चढउतार. हृदयविकाराचे झटके ड्रायव्हरांत जास्त निघाले. कंडक्टरांना आले तेही उशिरा आणि सौम्य. शरीराची हालचाल आणि हृदय यांचा संबंध आकड्यांतून दाखवणाऱ्या पहिल्या मोठ्या अभ्यासांपैकी हा एक. मॉरिस यांनी पुढं गणवेशांच्या पँटींची मापंही तपासली, तेव्हा ड्रायव्हर भरतीच्या वेळीच थोडे जाड असल्याचं दिसलं. म्हणजे सगळं श्रेय पायऱ्यांना देता येत नाही. हेही त्यांनीच 1956 मध्ये छापलं. स्वतःच्या शोधाला असा चाप लावणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. ते 99 वर्षं जगले.

मामांना ही गोष्ट आवडली. आपल्या नोकरीचा असा हिशोब कुणी मांडला असेल हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मामा: परतवाड्याच्या गाडीत बाजाराच्या दिवशी पाय ठेवाले जागा नसे. पहिल्या सीटपासून मांगच्या दारापर्यंत अन् परत, तिकीट फाडत. ड्रायव्हर आपला बसून. खरं हाय हे. पन पाय, तुयीच गोष्ट तुयावर उलटते. ड्रायव्हर अन् मी एकाच गाडीत होतो ना? दिवसभर सोबत. सोबत असन्यानं त्याच्या पोटाले काय फरक पडला?

मी: त्याला उठताच येत नव्हतं, मामा. गाडी कोण चालवणार? आपल्या घरात मात्र कुणी बसायचं आणि कुणी उभं राहायचं हे एसटीनं ठरवलेलं नाही.

मामा: गाडगेबाबा घ्या. शेंडगावचे, आपल्याच जिल्ह्याचे. सारा जन्म पायदळ. खराटा हातात, गाडगं डोक्यावर. कोनाले म्हनले का, चला माया संगं फिरायले? अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ घ्या, 1914 चं. तिथले पोट्टे 1936 मध्ये बर्लिनच्या ऑलिम्पिकले जाऊन आपले देशी खेळ दाखवून आले. बैठका ज्याच्या त्यानंच काढल्या ना? कोनी कोनाच्या वाटच्या काढत नाई. शरीराचं काम उसनं होत नाई.

मी: बैठका ज्याच्या त्यानं काढल्या, पण एकट्यानं घरात नाही. वस्ताद समोर होता, दहा पोरं शेजारी होती. एकट्यानं चालू ठेवणं तुम्हाला जमतं, कारण तुमची नोकरी पहाटेची होती. हे जमणारी माणसं किती? जानेवारीत सुरू करणारे गावात पुष्कळ दिसतात. आंब्याचा मोहर गळेपर्यंत किती राहतात?

मामा: जो राह्यला तो राह्यला.

इथं मामांचा खरा मुद्दा उघडा पडतो आणि माझाही. त्यांच्या लेखी चालणं हा एका माणसाचा निश्चय आहे. ज्याच्यात तो नाही, त्याला ओढत नेण्यात अर्थ नाही. मला वाटतं निश्चय फार थोड्यांकडे असतो, आणि ज्यांच्याकडे नसतो त्यांनीही निरोगी राहावं. बायका, मुलं, गुडघे धरलेली म्हातारी माणसं, रात्री थकून घरी येणारा दुकानदार. त्यांच्यासाठी घराची एक ठरलेली वेळ असली तर निश्चय रोज नव्यानं करावा लागत नाही.

मामांनी त्यानंतर जो आक्षेप घेतला तो मला त्यांचा सगळ्यांत भारी वाटतो.

मामा: अन् एक सांग. वावरात कापूस वेचाले जाते ते बाई. सकाळी तीन किलोमीटर पायदळ, दिवसभर वाकून, संध्याकाळी परत तीन. तिले जाऊन सांगशीन का, की बाई, घरच्याईसोबत फिराले निघ, तब्येत चांगली राहीन?

मी: नाही सांगणार. तिला आराम हवा, नीट मजुरी हवी, पोटभर जेवण हवं. हे चालणं आपल्यासारख्या घरांचं आहे, ज्यांची वावरं दुसऱ्यानं केली आणि ज्यांच्या दारात गाडी आली.

मामा: आपल्याही घरातली बाई दिवसभर चालतेच की. ह्या मामीले विचार. सकाळपासून रातपर्यंत बसते का ते?

तेव्हा मामी आतून आल्या. हातातली परात भिंतीला टेकवली आणि बाजेवर बसल्या.

मामी: मले काऊन मंधात आनता? मीच सांगतो मायं.

आमच्याकडे बाया ‘मी जातो’, ‘मी सांगतो’ असंच बोलतात; मामींचं बोलणं तसंच ठेवलं आहे.

मामी: घरातल्या घरात चालतो मी, बरोबर हाय. चुलीपासून मोरीपर्यंत, मोरीपासून तुळशीपर्यंत. त्यानं पाय दुखतात, मोकळे होत नाई. अन् तुमी दोघं इतके दिवस भांडून राह्यले, एकट्यानं का सोबत, एकट्यानं का सोबत. मले एक सांगा. मी एकटी संध्याकाळी सात वाजता रस्त्यानं निघाली, त चार जनी विचारतात, कुठं चालली वं? देवळात जातो म्हनलं त ठीक. दळन आनाले जातो म्हनलं तरी ठीक. ‘कुठीच नाई, चालाले निघाली’ हे मले सांगता येते का?

मामा: काऊन नाई? सांग ना.

मामी: तुमाले कोनी विचारतच नाई, मंग तुमाले काय माहीत?

कार्तिकातल्या काकड्याला मामी महिनाभर पहाटे जातात. अंधार, थंडी, कुत्री, काहीच आडवं येत नाही आणि कुणी अडवतही नाही. गुडघा धड होता तेव्हा गल्लीतल्या बायांसोबत त्या शेगावलाही पायदळ गेल्या होत्या, वाटेत शाळांच्या ओट्यांवर मुक्काम करत. आमच्याच जिल्ह्यातल्या कौंडण्यपूरहून, रुक्मिणीच्या माहेरून, पंढरपूरला जाणारी पालखी 1594 पासून निघते असं परंपरा सांगते, आणि त्या वाटेवर वऱ्हाडातल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. शेकडो किलोमीटरवरचं पंढरपूर गाठणारी बाई आपल्याच गावात कारण नसताना अर्धा किलोमीटर जाऊ शकत नाही, हे मामींनी सांगेपर्यंत मी असं सरळ पाहिलं नव्हतं. देवाच्या वाटेला उत्तर तयार असतं. स्वतःच्या तब्येतीच्या वाटेला नसतं.

2024 मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये एक मोठा अभ्यास आला. त्यानुसार 2022 साली भारतातल्या जवळपास निम्म्या प्रौढांची हालचाल गरजेपेक्षा कमी होती. पुरुषांत सुमारे 42 टक्के, बायकांत 57. हा फरक बायकांच्या आळसाचा मानणारे लोक मला भेटले आहेत. त्यांनी संध्याकाळी सातला आमच्या गल्लीत उभं राहून पाहावं, कोणत्या घरातून कोण बाहेर पडतं ते.

मी: मामी, म्हणूनच तर मी म्हणते मिळून निघू. सगळं घर निघालं की कुणी विचारणार नाही. विचारलं तरी उत्तर आहे, घरच्यांसोबत चालले.

मामी: ते ठीक हाय. पन सात वाजता समदे निघाले, त भाकरी कोन टाकते? आठ वाजता परत आली की मी चुलीसमोर, अन् तुमी समदे पंख्याखाली पाय लांब करून. म्हंजे मायं काम एक घंटा पुढं गेलं. तुमचं चालनं झालं, मायं जागरन झालं.

मामा: पहाटे चालत जाय ना मंग माया संगं.

मामी: पहाटे तुमी चालून येता तवा चहा कोन देते? पोट्ट्याईचा डबा कोन भरते? तुमी एकटे निघता म्हन्ता. दार उघडं ठेवून मी जागी राह्यतो तवा निघता तुमी.

मामा काही वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. मी त्यांना दोष देणार नाही; आमच्या घरांत पुरुषाचं एकट्यानं काही करणं असंच उभं असतं, आणि ते त्याला दिसत नाही. पण एवढं खरं, की ‘आपापलं चालावं’ हा नियम आमच्या घरात सगळ्यांना सारखा लागू होऊच शकत नाही. आपापलं म्हणायला आधी आपली वेळ हवी, आणि मामींना ती एकटीला कधी मिळालीच नव्हती. माझ्याही बोलण्यात भाकरीचा हिशोब आला नव्हता. तो धरल्याशिवाय ‘घरानं मिळून’ हे शब्द पोकळ राहतात.

मग आम्ही तपशिलात उतरलो, आणि तिथं मामांचा अनुभव कामी आला. वेळापत्रक हा त्यांचा जन्मभराचा विषय.

पहिली गोष्ट, वेळ जेवणाआधीची नको, जेवणानंतरची हवी. याला आधारही आहे. 2013 मध्ये ‘डायबिटीस केअर’ या मासिकात साठी ओलांडलेल्या दहा माणसांवरचा एक छोटा प्रयोग छापून आला होता. प्रत्येक जेवणानंतर 15 मिनिटं मध्यम चालीनं चालल्यानं त्यांची दिवसभराची शुगर सुधारली. रात्रीच्या जेवणानंतरची वाढ आवरायला तर हे सकाळच्या एकदम 45 मिनिटांच्या चालण्यापेक्षा जास्त उपयोगी ठरलं. दहाच माणसं, त्यामुळे त्यावर घर बांधू नये. पण जेवणानंतर स्नायू हलले की रक्तातली साखर ते वापरतात, हे डॉक्टर इतरही अभ्यासांवरून सांगतात. ज्या मामींना घाईनं चालता येत नाही, त्यांना नेमकी हीच वेळ सोयीची. ज्यांना इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी, हे मात्र मी आग्रहानं सांगते.

दुसरी गोष्ट, चालीची. मामांच्या ‘मंग सोबत कुठं राहिलं’ याचं उत्तर मला जपानमधल्या मात्सुमोतोला मिळालं. तिथल्या शिन्शू विद्यापीठात हिरोशी नोसे यांनी मध्यम वयाच्या आणि वयस्क माणसांना तीन मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू, असं आलटूनपालटून चालवलं. 2007 मध्ये त्यांनी छापलं की एकसारख्या मध्यम चालीनं चालणाऱ्यांपेक्षा या लोकांच्या मांडीची ताकद आणि दम जास्त वाढला, आणि बीपीही जास्त उतरलं. घराला ही रीत जशीच्या तशी लागू पडते. मामी एकसारख्या चालीनं सरळ जातात. मुलगी, मुलगा, माझा नवरा आणि मामा तीन मिनिटं जोरात पुढं निघतात, वळतात, परत मामींपर्यंत येतात, तीन मिनिटं त्यांच्यासोबत हळू चालतात, पुन्हा पुढं. प्रत्येकाची चाल आपापली, रस्ता एक.

मामा: म्हंजे शटल गाडी.

मी: हो. मामींना कुणी ओढायचं नाही, तुम्हाला कुणी रोखायचं नाही.

मामा: पोट्ट्याले आवडीन हे. त्याले तसंही सरळ चालता येत नाई.

रस्त्याचा प्रश्न राहतोच, आणि तो किरकोळ नाही. आमच्या कोणत्याही रोडला चालणाऱ्यासाठी कडा नाही. संत्र्याच्या हंगामात ट्रक, सोयाबीन निघालं की ट्रॅक्टर-ट्रॉल्या, ज्यांच्या मागं दिवा नसतो. मामांचा नियम असा, की समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूनं चालायचं, पांढरा सदरा घालायचा आणि बॅटरी हातात ठेवायची. पावसाळ्यात बॅटरी सापासाठीही लागते. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या आसपास जातो. तेव्हा रात्री नऊनंतरही डांबर गरम लागतं, म्हणून मातीच्या गल्ल्यांनी जायचं आणि घरून निघतानाच पाणी प्यायचं. आणि मला वाटतं लहान गावाच्या नगरपालिकेकडे मागायची पहिली गोष्ट जिमची यंत्रं नसावी. ती बसवली जातात, पहिल्या पावसात गंजतात. एखाद्या रोडच्या कडेला सलग किलोमीटरभर सपाट पट्टी आणि त्यावर चालू राहणारे दिवे मागावे. बायांना बाहेर पडायला दिवा लागतो.

मामा अजून एका गोष्टीवर अडून बसले होते.

मामा: रोज कुठं जायचं पन? नुसतं रोडनं जा अन् परत या, पोट्टे आठ दिवसांत कंटाळतात. आमी लहान होतो तवा बहिरमच्या जत्रेले बंडीमांगं पायदळ जात होतो. कोनी म्हनलं नाई की चाला, तब्येत सुधरते. बहिरम दिसत होतं समोर, पहाडाखाली, म्हनून पाय उचलत होते.

हे त्यांनी माझ्या विरोधात म्हटलं, पण मला त्यातच रस्ता दिसला. चालण्याला ठिकाण हवं. बायांना ते उत्तरासाठी हवं, मुलांना ओढीसाठी. आम्ही आठवडा वाटून घेतला. एक दिवस भक्तिधाम. माधानच्या गुलाबराव महाराजांचं (1881–1915) हे स्थान गावातच आहे आणि डोळ्यांनी न दिसणाऱ्या त्या माणसानं इतके ग्रंथ रचले, हे मुलांना तिथं जाता जाता सांगता येतं. एक दिवस माझ्या नणंदेचं घर. एक दिवस गिरणी, दळणाचा डबा माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर. ट्यूशनचे दोन दिवस मुलांना गाडीनं आणायचं नाही, सगळ्यांनी पायी जाऊन घेऊन यायचं. दळण आणि ट्यूशन ही कामंच होती. ती गाडीवरून उतरवून पायांवर आणली, एवढंच.

आणि बहिरम. चांदूर बाजार तालुक्यातलीच जत्रा, 20 डिसेंबरला सुरू होते आणि महिनाभराहून जास्त चालते. सातपुड्याच्या पायथ्याशी राहुट्या पडतात, रोडग्यांच्या आराची धग दुरून लागते. जत्रेत देवापुढं पशूंचा बळी देऊ नका म्हणून गाडगेबाबा तिथं कीर्तनातून तळमळीनं सांगत. आमचं घर माळकरी आणि मामा गुरुदेव सेवक, त्यामुळे मटणाच्या हंडीचा प्रश्न नाही. आमच्याकडे रोडगे आणि वांग्याची भाजी. घरापासून पायी जाण्याइतकं बहिरम जवळ नाही, निदान मामींच्या गुडघ्यासाठी आणि चौथीतल्या मुलासाठी तरी. म्हणून असं ठरलं, की शिरजगाव कसब्यापर्यंत एसटीनं जायचं आणि तिथून पुढं पायदळ. तोवर दोनअडीच महिन्यांत घरानं रात्रीचं चालणं वाढवत न्यायचं.

भाकरीचं असं ठरलं: चालायच्या दिवशी ताटं लवकर वाढायची, आणि जेवण झाल्यावर भांडी मामींनी घासायची नाहीत. ती मामा आणि माझा नवरा घासतील, चालून आल्यावर. मामींनी आधी यावर विश्वास ठेवला नाही.

मामी: घासतीन का खरंच?

मामा: घासतो. पन पहाटेचं मायं मी सोडत नाई. ते मायं एकट्याचं राहीन. रातचं तुमचं.

मी: राहू द्या. त्याला कुणाचीच ना नाही.

मामा: अन् बहिरमच्या दिवशी मी शटल-फिटल करत नाई. मी माया चालीनं पुढं जातो, गवऱ्या पेटवतो, रोडगे भाजून ठेवतो. तुमी या मांगून, कितीही हळू.

मामी: कणीक कोन मळते?

मामा: मीच मळतो ना! किती पानी घालाचं, तेवढं सांगून ठेव.